भंडारा लावलेला कॅन

मित्रांनो, माझ्या डोक्यावर कोंबडी बसलेली दिसली म्हणून हसू नका! मी काही साधासुधा डबा नाही. मी नायट्रोजनचा कॅन आहे. जुना झालोय, जागोजागी पोचे आलेत, पण आतून अजून ठणठणीत आहे. आणि आज मला इतका आनंद झालाय की कुठून सुरुवात करू तेच कळत नाही.

जन्मापासूनच सांगतो. कारखान्यात मला ॲल्युमिनियमच्या दोन भिंती देऊन बनवलं आणि भिंतींमधली हवा काढून टाकली. त्यामुळे बाहेर कितीही ऊन तापो, माझ्या पोटातला नायट्रोजन थंडच राहतो. बर्फ त्याच्यापुढे गरम म्हणावा इतका थंड! मग मी करमाडला खंडेरावांकडे आलो. ते गावोगाव फिरून गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करतात. चांगल्या जातीच्या वळूचं, रेड्याचं वीर्य बारीक कांड्यांत गोठवलेलं असतं, आणि त्या कांड्या मी सांभाळायचो. मोटारसायकलला लटकून किती वस्त्या पालथ्या घातल्या! "खंडेराव, कालवड झाली बघा," असं कुणी म्हटलं की माझी छाती फुगायची.

पुढे मोठा, नवा कॅन आला आणि माझी रवानगी गोठ्यात झाली. कोंबडीचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. फार वाईट वाटायचं.

यंदा मात्र घरावर संकट आलं. खंडेरावांची मुलगी सृष्टी तेवीस वर्षांची, शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला. तिच्या मानेत गाठ आली आणि तपासणीत लिम्फोमा नावाचा कर्करोग निघाला. बरा होण्यासारखा होता, पण केमो घ्यावी लागणार होती. शहरातल्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट समजावून सांगितली. या औषधांनी कर्करोग जातो, पण कधीकधी त्याबरोबर मूल होण्याची शक्तीही जाते. हवं असेल तर आधी स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवता येतात. त्यासाठी फार तर दोन आठवडे थांबता येईल, त्यापुढे नाही.

घरात रणकंदन माजलं. आईवेगळ्या सृष्टीला वाढवलं तिच्या आजीनं, दगडाबाईनं. ती काही केल्या ऐकेना.

"गोठलेलं कधी जितं ऱ्हातं का? आधी पोरीला वाचवा. नसते उद्योग करू नका!"

खंडेराव तडक गोठ्यात आले. कोंबडीला हुसकावलं, मला धुतलं, नव्या कॅनमधला नायट्रोजन माझ्यात ओतला आणि मला आईपुढे आणून ठेवलं. झाकण उघडताच पांढरा धूर भसाभस वर आला. किती दिवसांनी!

"माय, दारातली चंद्री म्हैस कुठून आली?"

"तिच्या आईच्या पोटातून. अजून कुठून?"

"अन् तिचा बाप?"

"ह्या डब्यातून," दगडाबाई पुटपुटली.

"तो रेडा तवा मरून लई वर्षं झाली व्हती. कांडी तेवढी ह्याच्यात व्हती. गोठलं म्हणजे मेलं नाय, माय. नुसतं थांबलं."

दगडाबाईनं म्हशीकडे पाहिलं. म्हशीनं दगडाबाईकडे पाहिलं.

"पप्पा, मी काय म्हैस हाय का?" सृष्टी ओरडली आणि खुदकन हसली. आजाराचं कळल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. मग आजीलाही हसू आवरेना.

दुसऱ्या सकाळी खंडेरावांनी मला मोटारसायकलला बांधलं, माझ्या जुन्या जागी! मागे सृष्टी बसली. शेंद्रा गेलं, चिकलठाणा गेलं, आणि मी वाऱ्यावर नुसता डुलत होतो. मला कशाला नेताहेत ते मात्र शहरात बीजं गोठवणाऱ्या डॉक्टर मेघांच्या टेबलावर पोचल्यावर कळलं.

"मॅडम, पोरीची बीजं ह्याच्यात ठिवा. रिकामाच हाय हा. घरी माझ्या नजरंखाली ऱ्हाईल, नायट्रोजन मी सोता भरीन."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी मला हळूच थोपटलं. "कॅन छान ठेवलाय हो तुम्ही. पण माणसाची बीजं अशी घरी नेता येत नाहीत. ती इथल्या बीजांच्या बँकेतच ठेवायची, सृष्टीच्या नावानं, कुलपात."

मग त्यांनी काचेपलीकडची टाकी दाखवली. मित्रांनो, तो तर माझा थोरला भाऊच! उंच, चकचकीत, अंगावर एक पोचा नाही. जरासा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

"नायट्रोजन बघता कवा?" खंडेरावांनी विचारलं.

"रोज."

"मंग ठीक हाय. कवा काढायची बीजं?"

"तुम्ही जरा बाहेर बसा. मला सृष्टीशी बोलायचंय."

खंडेराव बाहेर गेले आणि गडबडीत मला टेबलावरच विसरले. म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं. डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. दहा-बारा दिवस इंजेक्शनं, मग भूल देऊन बीजं काढायची. पुढे मूल होईलच अशी खात्री नाही, फक्त शक्यता राहते. "आणि नको म्हणालीस तरी तुझ्या उपचारात काही कमी होणार नाही," त्या म्हणाल्या.

सृष्टीनं खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, आजी नाय म्हणत व्हती, पप्पा व्हय म्हणतेत. दोघंबी माझ्यासाठीच भांडले. पण मला कुणी विचारलंच नाय."

"म्हणून तर मी विचारतेय."

मी चपापलो. कालपासून मी समजत होतो की एवढा धूर काढला, आता प्रश्न मिटला!

"मला लेकरू पायजे का नाय, ते आज ठाऊक नाय," सृष्टी सावकाश म्हणाली. "लगीन करीन का, तेबी ठाऊक नाय. पण ते मी ठरवीन. माझ्या आधी ह्या औषधानं ठरवून टाकावं, हे मला नको. काढा बीजं."

हात असते तर मी टाळ्या पिटल्या असत्या!

बीजं काढायच्या दिवशी दगडाबाई माझ्याशिवाय निघायलाच तयार होईना. तिनं मला खंडोबाचा भंडारा लावला आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसली. डॉक्टर बाहेर येताच मायलेक दोघं धावले, "किती निघाली?"

"सृष्टीला सांगितलंय. ती सांगेल."

सृष्टी हळूहळू चालत आली आणि दोन्ही हातांची बोटं वर केली, एक अंगठा तेवढा दुमडून. नऊ! "येळकोट!" म्हणत दगडाबाईनं मूठभर भंडारा उधळला. सगळी फरशी पिवळी झाली. नर्सबाई रागावल्या, आणि खंडेराव हसत हसत फरशी पुसत बसले. केमो ठरल्या दिवशी सुरू झाली.

मित्रांनो, तुमच्या घरात एखाद्या ताईला किंवा मावशीला असा आजार झाला, तर औषध सुरू व्हायच्या आधीच मोठ्यांना सांगा, डॉक्टरांना हेही विचारा म्हणावं. आणि उत्तर तिचं तिला देऊ द्या, मग ते काहीही असो.

आता आजची बातमी! केमो संपली होतीच, आज तपासणीचा रिपोर्ट आला. कर्करोगाचा मागमूस नाही! अंगणात पेढे वाटले गेले. शेजारच्या गोजरबाईनं पेढा तोंडात टाकला आणि दगडाबाईला विचारलं, "मंग, पणतू कवा?"

दगडाबाईनं पेढ्याचा पुडा तिच्या हातातून काढून घेतला.

"मला काय विचारती? तिथं बसलीय ती. तिला विचार. अन् ती नाय म्हणली, तर पुन्ना विचारू नको."