अकरावी जाळी

वय, वजन आणि घरातल्या हवेच्या जाळ्या, या तीन गोष्टींचा आकडा माणूस कधी खरा सांगत नाही, असं चेस्टर बाबियाकचं मत होतं. एकतीस वर्षं त्याने पार्मा गावातल्या जुन्या घरांचे डक्ट, म्हणजे भट्टीची गरम हवा खोल्यांतल्या जाळ्यांपर्यंत नेणारे पत्र्याचे मार्ग, साफ केले होते, त्यामुळे हे आता नुसतं मत राहिलं नव्हतं, अनुभवाचा ताळेबंद झाला होता. फोनवर आठ सांगितल्या की घरात नऊ निघतात. दहा सांगितल्या की अकरा. उरलेली एक गालिच्याखाली, पलंगाखाली, नाहीतर नवऱ्याच्या एखाद्या जुन्या पराक्रमाखाली गाडलेली असते.

थेल्मा हुदाकबाईंनी दहा सांगितल्या होत्या.

"दहाच," तळघराच्या जिन्यात उभ्या राहून त्या पुन्हा म्हणाल्या. वय एक्क्याऐंशी, अंगात दोन स्वेटर. "छप्पन्न वर्षं केर काढलाय मी या घरात. मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत, बाई," चेस्टर म्हणाला आणि मान वर करून बघत राहिला.

भट्टीतून निघालेला पत्र्याचा मोठा डक्ट तळघराच्या छताला लागून घरभर गेला होता. त्याला दोन्ही अंगांनी फाटे फुटले होते, आणि एकेक फाटा वरच्या एकेका जाळीला जाऊन मिळत होता. सांध्यांवर अॅस्बेस्टॉसची विषारी, जुनी पांढरी पट्टी नाही ना, हे त्याने आधी विजेरीने पाहून घेतलं. या वयाच्या घरात ती सापडली तर तिला हात न लावता सरळ व्हॅनची वाट धरायची असते. पट्टी नव्हती. याचा अर्थ काम करावं लागणार होतं. त्याने फाटे मोजले. अकरा. दुसऱ्यांदा मोजले, तरी अकराच. गुडघे दुखत असले की अकरा हा दहापेक्षा फार मोठा आकडा असतो.

"स्वयंपाकघरातली जाळी कुठाय?"

"तिथे आता नाहीच. नव्याने बांधली तेव्हापासून ती खोली थंडच. माझा नवरा अँड्र्यू म्हणायचा, उत्तरेकडची भिंत आहे, थंड राहणारच."

मागून खांद्यावर जाड नळीचं वेटोळं घेऊन ओटिस उतरत होता. गेली अकरा वर्षं तो चेस्टरबरोबर व्हॅनवर होता आणि तेवढ्या वर्षांत त्याच्या तोंडाने एकदाही सुट्टी घेतलेली नव्हती. "माझा बाप दक्षिणेतला, अलाबामाचा," तो म्हणाला. "तोसुद्धा घरातल्या सगळ्या चुकांचं खापर उत्तरेवरच फोडायचा."

बाई हसल्या नाहीत. घरभर खोकी बांधलेली होती. घर विकलं गेलं होतं, नव्या मालकाने डक्ट साफ करून मागितले होते, आणि शनिवारी बाईंची मुलगी त्यांना वाळवंटातल्या टक्सनला आपल्याकडे घेऊन जाणार होती. आज गुरुवार होता.

ओटिस जाळ्यांवर प्लास्टिक चिकटवायला वर गेला. चेस्टर खाली मोठ्या डक्टला नळी जोडण्यासाठी पत्रा कापायला लागला. पहिल्या थंडीत भट्टी नुकतीच पेटवलेली असावी, जळक्या धुळीचा वास अजून तळघरात रेंगाळत होता. या कामात कुणी न सांगता कळणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात, कारण पत्र्याच्या नळ्यांतून नुसती हवा जात नाही. या गावातल्या निम्म्या पोरांना आईबापांची भांडणं जाळीला कान लावूनच कळलेली आहेत. आताही वरचं बोलणं खाली चेस्टरच्या टाळक्यावर उतरत होतं.

"पुढचं घर कुणाचं रे, त्या कागदावर?" बाईंचा आवाज.

"दोन वाजता मिसेस साबो. इथून चौथं घर. सगळ्या गल्लीने मिळूनच बोलावलंय ना आम्हाला."

 वर एक खोकं धाडकन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तिथे जाशील तेव्हा खिसे सांभाळ," बाई म्हणाल्या. "ओल्गा माझी नणंद आहे. सख्खी. चोर आहे."

"अरे देवा. काय चोरलं?"

"नट रोलच्या कृतीची चिठ्ठी. माझ्या सासूच्या हातची."

ओटिसने हसू गिळलं असणार, कारण खोकल्याचा आवाज आला. बाईंनी मग सगळं सांगितलं. सासूबाई अख्ख्या स्लोव्हाक चर्चमध्ये अक्रोडाचं सारण भरलेल्या गोड रोलसाठी नावाजलेल्या. मरण्याआधी त्यांनी कृती लिहून दिली, ती पोटच्या मुलीला नाही, तर सुनेला. आणि सूनही परकी, जर्मन घरातली. ओल्गाच्या ते जिव्हारी लागलं. पुढच्याच महिन्यात अँड्र्यूने स्वयंपाकघर नव्याने बांधायला काढलं, ओल्गा सामान हलवायला आठवडाभर मदतीला आली, आणि आठवडा संपला तेव्हा चिठ्ठी नव्हती. त्या नाताळात चर्चच्या विक्रीत ओल्गाचा रोल अर्ध्या तासात संपला. चव हुबेहूब सासूची.

"आता तूच सांग," बाई म्हणाल्या. "सेहेचाळीस वर्षं झाली. मी तिच्याशी एक शब्द बोललेले नाही. अँड्र्यूच्या मयताला रोल घेऊन आली, तोही मी तसाच परत पाठवला."

"आणि अँड्र्यू?"

"अँड्र्यू मधल्या मध्ये मेला. जन्मभर मधल्या मध्येच होता."

चेस्टरने मान वर केली. बोलणं सगळ्यांत स्पष्ट येत होतं ते अकराव्या फाट्यातून. फाटा सरळ स्वयंपाकघराखाली जात होता.

*

स्वयंपाकघरातली कपाटं अँड्र्यूने स्वतः बांधली होती. मजबूत आणि किंचित तिरकी. सुट्टीच्या दिवशी हातोडी घेणाऱ्या नवऱ्यांची सगळी कपाटं तशीच असतात. चेस्टर सिंकपाशी पोटावर पालथा पडला. कपाटाच्या पायथ्याची फळी चार स्क्रूंवर होती. ती निघाली, आणि मागे अंधारात जमिनीला एक आयताकृती भोक दिसलं. जाळी काढून ठेवलेली, ती परत बसवायची राहिलेली, आणि वर कपाट ठोकून दिलेलं. छप्पन्नांतली सेहेचाळीस वर्षं बाई इथे दोन स्वेटर घालून भांडी घासत होत्या, आणि गरम हवा कपाटाचं बूड शेकत होती.

"उत्तरेकडची भिंत," ओटिस पुटपुटला.

चेस्टरने खांद्यापर्यंत हात आत घातला. व्हॅनमधलं धूळ ओढणारं मशीन लावण्याआधी प्रत्येक वळणात हात घालून पाहायचा, हा त्याचा नियम होता. कारण वीस वर्षांपूर्वी एका बाईने त्याच्यावर सोनसाखळी घेतल्याचा आळ घेतला होता. साखळी नंतर तिच्या पर्समध्ये सापडली, पण तोवर गल्लीतल्या निम्म्या घरांनी त्याला दार लावलं होतं. तेव्हापासून तो कॉफीचा रिकामा डबा घेऊन फिरायचा. डक्टमधून जे निघेल ते डब्यात. शेवटी मालकापुढे डबा उलटा करायचा, एकेक वस्तू कागदावर लिहायची, खाली सही घ्यायची. दाताची कवळी असली तरी सही.

कपडे वाळत घालायचे दोन चिमटे निघाले. एक निळी गोटी निघाली. मग वळणाच्या पत्र्याला पाठ लावून उभं असलेलं काहीतरी पातळ बोटांना लागलं. त्याने ते अलगद काढलं. पोस्टकार्डाएवढा कागद, शेकून शेकून पावाच्या कडेसारखा तपकिरी झालेला. निळ्या शाईचं तिरकं अक्षर. भाषा त्याला येत नव्हती, पण काय आहे ते कळायला भाषेची गरज नव्हती.

ओटिसने विजेरी कागदाजवळ धरली.

टेबलावर डबा उलटा केला. बाईंनी गोटीकडे पाहिलं, चिमट्यांकडे पाहिलं. मग कागदाकडे पाहिलं आणि खुर्चीची पाठ धरली.

"दोन चिमटे," चेस्टर लिहीत म्हणाला. "एक गोटी. एक चिठ्ठी. इथे सही करा, बाई."

"ते माझं नाही."

"तुमच्या घरातून निघालंय."

"नाही म्हटलं ना! परत टाक. ते मशीन लाव आणि घे ओढून. जाऊ दे तुझ्या पिशवीत, धुळीबरोबर."

"डब्यात आलेलं पिशवीत जात नाही," चेस्टर म्हणाला. आवाजात उपदेश नव्हता, नुसता थकवा होता. "नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"माझा."

बाई खाली बसल्या.  "शनिवारी मी जाणार," त्या म्हणाल्या. "परवा. दोन दिवस तो कागद आणखी तिथेच राहिला असता, तर तुझं काय गेलं असतं? नव्या मालकाला सापडला असता. त्याने फेकून दिला असता. मी बरोबरच राहिले असते."

 बरोबर राहण्यासाठी माणूस किती वर्षं थंडीत उभा राहू शकतो, याचा हिशेब चेस्टरसमोर दोन स्वेटर घालून बसला होता.

"तू जाणारच आहेस ना तिच्याकडे," बाई एकदम म्हणाल्या. "तूच दे. सांग, तुला कुठेतरी सापडलं."

"मी दिलं तर मी चोर ठरेन. वीस वर्षांपूर्वी एकदा ठरून झालोय, आता वय नाही." त्याने सहीचा कागद पेनासकट त्यांच्याकडे सरकवला. "व्हॅनमध्ये पुढे जागा आहे. ओटिस मागे नळ्यांवर बसेल."

"नळ्यांवर?" ओटिस म्हणाला.

"बसेल," चेस्टर म्हणाला.

बाईंनी सही केली नाही. त्यांनी अकरा जाळ्यांचं काम पुरं होऊ दिलं. दोन तास मशीन घोंघावत होतं आणि त्या हातावर हात ठेवून टेबलाशी बसून होत्या. मशीन थांबल्यावर अँड्र्यूचा कोट खोक्यातून उकरून काढून त्यांनी अंगावर चढवला. चिठ्ठी दोन्ही तळव्यांत धरली, चिमणीचं पिल्लू धरावं तशी. चौथं घर चालत दोन मिनिटांवर होतं, पण त्या व्हॅनमधूनच गेल्या. गल्लीने पाहिलं असतं.

*

दार ओल्गा साबोने उघडलं. त्र्याऐंशीची, ठेंगणी, कोपरापर्यंत पीठ. तिने आधी चेस्टरकडे पाहिलं, मग त्याच्यामागे उभ्या असलेल्या भावाच्या कोटाकडे, आणि सगळ्यांत शेवटी कोटातल्या बाईकडे.

 थेल्माबाईंनी हात पुढे केला. ओल्गाने डोक्यावर सरकवलेला चष्मा खाली ओढला, हात न लावता तो तपकिरी कागद वाचला. ओठ हलत होते.

"कुठे होता?"

"स्वयंपाकघराच्या डक्टमध्ये. सामान हलवताना उघड्या भोकात पडला असणार. अँड्र्यूने वर कपाट ठोकलं होतं."

"अँडी गाढवच होता," त्याची बहीण म्हणाली. मग, "तू वाचलंस कधी?"

"मला कुठे येते तुमची भाषा? अँडीकडून वाचून घेणार होते. राहून गेलं."

"मग ऐक." ओल्गाने कागदाला न लावता बोट ओळीओळीने फिरवलं. "पीठ, पुरेल इतकं. दूध, बोटाला सोसेल इतकं गरम. अक्रोड, असतील तेवढे. साखर, सणाला जास्त. हात दुखेपर्यंत मळ. संपलं."

"आणि मापं?"

"मापं नाहीतच! यावरून कुणाला रोल जमेल? हे चोरून मी काय करणार होते, चुलीत घालणार होते?" तिचा आवाज चढला आणि मध्येच बसला. "मला आई कशाला लिहून देईल, थेल्मा? माझे हात तिच्याबरोबर परातीत होते, सहा वर्षांची असल्यापासून. तुला लिहून दिलं, कारण तुला दुसरं काही देता येत नव्हतं."

 उघड्या दारातून थंड वारा आत घुसत होता.

"आत यायचं तर ये," ओल्गा म्हणाली. "दार सताड उघडं ठेवून अख्खी गल्ली गरम करायला मी काही गॅस कंपनी नाही."

चेस्टर नळी ओढत तळघरात उतरला. नेहमीप्रमाणे आधी पट्टी पाहिली. नव्हती. मग फाटे मोजले. कागदावर नऊ लिहिले होते, निघाले दहा. त्याने पत्रा कापला, नळी जोडली, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला. बसताना दोन्ही गुडघे वाजले.

बाहेरून ओटिसने हाक मारली. "लावू का मशीन?"

"थांब जरा."

"का?"

"थांब म्हटलं ना."

डोक्यावरच्या पत्र्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.  मग थेल्माबाईंचा आवाज, अगदी बारीक. "मयताला आणलेला तो रोल... परत घेऊन गेलीस, त्याचं काय केलंस?"

"खाल्ला. एकटीने. तीन दिवस पुरला."

 कपाट उघडल्याचा आवाज. परात ठेवल्याचा. "कोट काढ," ओल्गा म्हणाली. "बाह्या वर कर. नाही, आणखी वर. शनिवारपर्यंत काय शिकणार आहेस तू, देव जाणे. तिकडे वाळवंटात अक्रोड तरी मिळतात का?"

"मिळत असतील."

"मळ. अशी नाही. अंग घालून मळ. पीठ आहे ते, माझी मान नाही."

चेस्टरने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि डोळे मिटले. खिशात पहिल्या घराचा कागद होता. दोन चिमटे, एक गोटी, एक चिठ्ठी, खाली सहीची रिकामी जागा. वीस वर्षांत सहीशिवाय राहिलेला हा पहिलाच. वर परात टेबलावर ठक ठक वाजत होती, आणि दोन म्हाताऱ्यांपैकी एक रडत होती. पत्र्यातून रडणं आलं की ते कुणाचं, हे कळत नाही.

मग वरून, अगदी त्याच्या टाळक्यावरच्या जाळीतून, ओल्गाचा आवाज आला.

"अहो, खाली बसलेले! ऐकून झालं असेल तर लावा तुमचं मशीन. त्या आवाजात आम्हालाही जरा एकमेकींना ऐकू न येणारं बोलायचंय."

चेस्टर कठडा धरून उठला आणि त्याने ओटिसला हाक दिली.