पाचवी जागा

"सर, हे अजूनबी फिरूनच राह्यलं," रंजीता म्हणाली. "सकाळी दहा वाजतापासून. तुमी तं म्हणे, थांबते म्हणजे थांबतेच."

"थांबतेच. सिद्ध केलंय मी."

"मंग तसं त्याले सांगा ना!"

माझं डोकं सणकलं. रंजीता या दाखल्यांच्या कार्यालयातली कारकून. तोंड चालवायचा तिला वेगळा भत्ता मिळत असावा. मी वडशाचा, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारा संघपाल. एटापल्लीला आठवड्यातून दोनदा बसचे हाल सोसत यायचो, कारण इथला वंशावळी तपासणारा प्रोग्राम मी लिहिला होता.

प्रोग्राम साधा. त्याला फक्त नियम द्यायचे: माणसाचा बाप हा त्याचा पूर्वज, आणि बापाचा जो पूर्वज तोही त्याचा पूर्वज. मग प्रश्न विचारायचा. तो नियमाला नियम जोडत उत्तर शोधत जातो. भीती एकच, जातच राहिला तर? म्हणून तो थांबेल हे आधी कागदावर सिद्ध करावं लागतं. दर पावलाला काहीतरी कमी होतंय आणि ते कधीतरी संपणार आहे, एवढं दाखवलं की झालं. मी ते चार पानांत दाखवलं होतं. दर पावलाला आपण एक पिढी मागे जातो आणि वंशावळीच्या जुन्या वहीतल्या पिढ्या मोजक्याच. एका परिषदेत त्यावर टाळ्या घेतल्या होत्या. आईनं गल्लीत पेढे वाटले होते.

आणि आता तीन वाजले होते. समोरच्या बाकावर लालसूभाऊ बसले होते, सत्तरीचे, शेजारी त्यांची नात सुकरी. तिला चंद्रपूरला नर्सिंगला जागा मिळाली होती. जुन्या वहीतल्या लच्छूच्या वंशातली ती आहे, एवढा दाखला पाच वाजेपर्यंत ऑनलाइन चढला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

"सर, हातानं नाई लिवता येत का?" सुकरीनं विचारलं.

नाही येत. दाखला प्रोग्राममधूनच निघाला पाहिजे, अशी अट मीच लिहून दिली होती. शहाणपणा, दुसरं काय!

शेवटी झक मारत मी त्याला प्रत्येक पाऊल पडद्यावर दाखवायला लावलं. ओळी सरसर पळू लागल्या. कोलूचा बाप लालसू. लालसूचा बाप कोलू. कोलूचा बाप लालसू. लालसूचा बाप कोलू.

"ही वही कोणी भरली?" मी ओरडलोच. "लालसू कोलूचा बाप आणि कोलू लालसूचा बाप? माणूस स्वतःचाच आजा कसा असेल?"

"बराबरच हाये," लालसूभाऊ शांतपणे म्हणाले. "माह्या बापाचं नाव कोलू. माह्या पोराचंबी कोलू. आमच्यात आज्याचं नाव नातवाले देतेत. माहं नाव माह्या आज्याचं हाये."

"सर, हे तं इथल्या लहान लेकरालेबी मालूम हाये," रंजीता म्हणाली.

मला नव्हतं मालूम. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही नव्हतं. मी माणसं नावानं ओळखत होतो. प्रोग्राम बिचारा कोलूकडून लालसूकडे, लालसूकडून कोलूकडे येरझारा घालत होता आणि लच्छूपर्यंत पोचतच नव्हता. चार पानं गेली चुलीत.

"मग कोणता कोलू, हे तुम्ही कसं ओळखता?" मी वैतागून विचारलं.

"गोट्यावरून. माणूस गेला का गावाबाहेर त्याच्या नावानं गोटा उभा करतो, एकामांगं एक. पयला लच्छूचा. त्याच्या मांगं काई नाई, जंगल."

मी खुर्चीतून उठलोच. रांगेला सुरुवात होती! प्रत्येकाला त्याच्या दगडाचा आकडा दिला की दर पावलाला आकडा उतरणार, आणि एकवर संपणार. मी भराभरा लिहायला बसलो. लालसूभाऊ बोटांवर मोजत सांगू लागले. एक लच्छू. दोन कोलू. तीन लालसू. चार कोलू, म्हणजे त्यांचे वडील.

"पाच?"

"कोलू."

"हा कोणता आता?"

"माहे बाबा," सुकरी म्हणाली. "चार साल झाले. तापानं गेले."

मी पाच लिहिलं. "मग तुम्ही सहा," म्हणालो आणि जीभ चावली. माणूस जिवंत समोर बसलेला.

"हो. माही जागा सहावी," लालसूभाऊ म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

वावगं मला दिसलं. मुलाचा पाच, बापाचा सहा. तिथंच आकडा चढत होता. चार वाजायला आले होते आणि सिद्धता पुन्हा मोडली होती.

"असं नाही चालत, लालसूभाऊ!" माझा आवाज चढला. "बापाचा आकडा पोराच्या आधीच आला पाहिजे. प्रत्येक वेळी! एका ठिकाणीसुद्धा उलटं नको!"

सुकरी खाली बघत होती. आपण काय बोलून गेलो हे माझ्या लक्षात आलं, आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांना सहाऐवजी साडेचार देऊनही मी मार्ग काढू शकलो असतो. तसं म्हणायला तोंड उघडलंही.

"पाच माहा लिव, मास्तर," लालसूभाऊ म्हणाले. "पाचवी जागा माहीच होती. पोरगा माह्या पयले गेला. त्याले सहा दे."

मी पाचावर लालसू लिहिलं, सहावर कोलू, सातावर सुकरी. कळ दाबली. पापणी लवायच्या आत उत्तर आलं: होय.

रंजीतानं दाखला काढला, शिक्का मारला आणि चार वीसला चढवून दिला. सुकरी डोळे पुसत कागदाची घडी घालू लागली, तेव्हा लालसूभाऊंनी तिचा हात धरला.

"वाच."

"पाच, लालसू. सहा, कोलू."

"अजून एकडाव."

तिनं पुन्हा वाचलं.

"कागदावर तरी बराबर झालं," ते म्हणाले, आणि बस चुकू नये म्हणून उठले.