तीच आज्ञा

खोलीत यंत्रं दोन, पडदे दोन, कीबोर्ड दोन आणि खुर्ची एकच होती. खुर्चीत मामा बसले होते. मागे अभियंताबाई आणि तीन अधिकारी उभे. शहरातल्या सगळ्या पाणीटाक्यांची पातळी डावीकडच्या जुन्या युनिक्स संगणकावर दिसायची. उजवीकडे नवं लिनक्स. तुलना करून त्यांतलं एकच ठेवायचं होतं, आणि जुनं गेलं तर ते सांभाळणारे मामाही जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नव्यावर हात बसलेला दिसला तर ते सांभाळायला तुमचं नाव पुढे करीन, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. म्हणून मामांनी महिनाभर आपल्या मुलीकडेच लिनक्सची शिकवणी धरली. दोन्ही एकाच घराण्यातली, मग या धाकट्याचे वेगळे लाड कशाला, अशी त्यांची कुरकुर चालायची. मुलगी बधायची नाही. एखादा प्रोग्राम अडकला की 'किलऑल' लिहायचं, पुढे त्याचं नाव, म्हणजे तेवढाच मरतो. हे तिने इतक्यांदा करून घेतलं की मामांना पुढे विचारच करावा लागेना.

तुलना चांगली रंगली. जुनं संथ, सुटे भाग मिळत नाहीत, पण कधी बंद पडलं नाही. नवं चपळ, जाणकार गल्लोगल्ली, पण रोज काहीतरी बदलतं. मामांनी कुणाचीच बाजू घेतली नाही.

"मामा, हे तुमचं आणि जावयाचं वर्णन झालं," एक अधिकारी म्हणाला. मामाही हसले.

तेवढ्यात डाव्या पडद्यावरचा आलेख थिजला. किरकोळ गोष्ट. त्याच ओघात मामांनी किलऑल लिहिलं, पुढे आलेखाचं नाव, आणि बटण दाबलं.

त्या जुन्या युनिक्सवर ही आज्ञा नाव बघत नाही. चालू असलेलं सगळंच मारते. मामांना हे पहिल्या नोकरीपासून पाठ होतं.

टाक्यांचे आकडे गेले. पडदा काळा झाला. आतला पंखा तेवढा फिरत राहिला.

"काय झालं, मामा?" बाईंनी विचारलं.

"बोटं तिकडची झालीत हो," मामा म्हणाले.

एकजण फोनवर पंपघरांना टाक्या डोळ्यांनी बघायला सांगू लागला. मामा खुर्चीतून उठले नाहीत. जुनं यंत्र त्यांच्याशिवाय कुणाला सुरू करता येत नव्हतं. बाईंनी घड्याळ लावलं. ते सुरू व्हायला किती वेळ लागतो, हे मोजायची वेळ आजवर आलीच नव्हती.

जुनं युनिक्स एकोणतीस मिनिटांनी सुरू झालं. मग लिनक्स बंद करून पुन्हा सुरू केलं. त्याला अडतीस सेकंद लागले.