न लावलेली पोस्टरं

आमच्या घराला तीन बाजूंनी ऊन येतं, असं सांगून दलालाने ते आम्हाला विकलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. ऊन येतं, पण पडद्यापर्यंत. पुढे त्याला मज्जाव आहे, कारण उन्हाने पोस्टरांचे रंग उडतात.

पोस्टरं आमच्या ह्यांची. जुन्या सिनेमांची, छापील, अस्सल. हा छंद ह्यांना वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी लागला, विमा कंपनीत शाखाप्रमुख झाल्यावर. त्याआधी मासे होते. मासे मेले. मग कुंडीतली बुटकी झाडं आणली, ती वाढेनातही आणि मरेनातही, तेव्हा ह्यांचा रस गेला. पोस्टरांचं तसं नाही, हे म्हणाले, त्यांना खायला-प्यायला लागत नाही. तेवढं खरं. पण त्यांना ऊन चालत नाही, वाफ चालत नाही, धूळ चालत नाही, हाताचा घाम चालत नाही आणि तळणाचा वास तर मुळीच चालत नाही. दोन वर्षांत माझ्या गॅसवर कढई चढलेली नाही. बाळंतपणात मी पाळलं नव्हतं एवढं पथ्य आता सगळं घर पाळतं.

लेक शिकायला परगावी गेली आणि पंधरा दिवसांत तिच्या खोलीत एक लोखंडी कपाट आलं. बुटकं, रुंद, सपाट खणांचं, नकाशे ठेवतात तसलं. त्यात पोस्टरं आडवी झोपतात. दोन पोस्टरांच्या मध्ये खास कागद, ज्यात म्हणे आम्ल नसतं. भिंतीवर हवेतली ओल मोजायचं यंत्र, कोपऱ्यात ती ओल शोषून घ्यायचं दुसरं यंत्र. ते बिघडलं तेव्हा हे ऑफिसातून रजा टाकून धावत आले होते. मला टायफॉइड झाला तेव्हा फोन केला होता.

हॉलमध्ये चार पोस्टरं टांगलेली आहेत. उत्तम फ्रेम, रंग उडू न देणारी महागडी काच. पाहुणे काचेला नाक लावून बघतात आणि वा वा करतात. ती पोस्टरं नव्हेतच, रंगीत झेरॉक्स आहेत. खरी कपाटात, कारण लावली तर खराब होतील. आणि कपाट शक्यतो उघडायचं नाही, कारण उघडलं की आतली हवा बदलते. म्हणजे खरी पोस्टरं आमच्या घरात कोणीच बघत नाही, हेसुद्धा नाहीत. झेरॉक्सला हजारोंची काच कशाला, असं मी एकदा विचारलं. झेरॉक्सचाही रंग उडतो, असं उत्तर मिळालं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर नाकाचाच पत्ता नव्हता.

आता माझ्या बाबांबद्दल सांगते. बाबा भिंतींना सिनेमाची पोस्टरं लावायचे. चाळीस वर्षं. शिडी, बादली, कुंचा आणि मैद्याची खळ, एवढा त्यांचा संसार. आमच्या लग्नात ह्यांनी आपल्या मंडळींना सांगितलं की सासरे सिनेमाच्या प्रसिद्धी खात्यात असतात. बाबांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते हसले. "खातं कसलं आलंय," म्हणाले, "बादली आहे ती."

छंद लागल्यावर हे एकदा मिठाईचा पुडा घेऊन बाबांकडे गेले होते. एखादं जुनं पोस्टर उरलंय का, म्हणून. बाबांना प्रश्नच कळेना.

"उरेल कसं, जावईबापू? पंचवीस दिली तर पंचवीस भिंतीवर गेली पाहिजेत. उरलं म्हणजे मी कुठेतरी दांडी मारली."

"पण न लावलेल्यालाच सगळ्यात जास्त मान असतो, बाबा. कोरं करकरीत."

बाबांनी जरा विचार केला. "मग तुमच्याकडची सगळी कामचुकारांची दिसताहेत," ते म्हणाले. "सरळ माणसाने लावून टाकलं असतं. तुम्हाला कुठून मिळालं असतं?"

हे त्यानंतर बाबांकडे फिरकले नाहीत. पुडा मात्र परत आणला नाही, एवढी माणुसकी होती.

दोन महिन्यांपूर्वी बाबा पडले. चाळीस वर्षांत शिडीवरून न पडलेला माणूस स्वतःच्या घराच्या जिन्यावरून पडला. मांडीचं हाड. डॉक्टरांनी सांगितलं, आता जिना कायमचा बंद. बाबा तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे, आई गेल्यापासून. मी त्यांना सरळ आमच्याकडे आणलं. त्यांचा पलंग हॉलमध्ये दाराशेजारी लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याची चप्पल त्यांच्या उशाशी, आणि न्हाणीघर घराच्या दुसऱ्या टोकाला. लेकीच्या खोलीला आतूनच न्हाणीघर आहे. मी ती खोली मागितली.

"खोलीत माणूस झोपला की ओल वाढते," हे म्हणाले. "श्वासातून."

"मग त्यांनी श्वास घेऊ नये का?"

"तसं कुठे म्हणतोय मी? उगाच शब्दाने शब्द वाढवू नकोस."

असे जवळजवळ दोन महिने गेले आणि हे एका वृद्धाश्रमाचा फॉर्म घेऊन आले. पुढच्या सोमवारी तिथे एक जागा मोकळी होत होती. मुलीची सही लागते, तेवढी रविवारपर्यंत दे, म्हणाले. "छान आहे गं. बाग आहे. आणि ऊन केवढं! दिवसभर नुसतं ऊन." ह्यांच्या तोंडून उन्हाची तारीफ ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

बाबाच म्हणाले, "सही करून टाक पोरी. माझ्यापायी तुझ्या घरात भांडण नको." मी सही केली नाही. पण नाहीही म्हटलं नाही. ह्यांच्यासमोर नाही म्हणायची मला हिंमत झाली नाही, हे कबूल करते. फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली लटकत राहिला आणि मी दूध काढताना दर वेळी दुसरीकडे बघत राहिले.

त्याच रविवारी संध्याकाळी पाचला ह्यांचं संग्राहक मंडळ आमच्याकडे यायचं होतं. आठ माणसं, आणि अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांना दाखवायला ह्यांनी कपाटातलं सगळ्यात मोठं धन बाहेर काढलं. सहा तुकड्यांचं पोस्टर. पूर्वी मोठ्या भिंतींवर लावायचे तसलं, सहा कागद जोडले की एक अख्खं चित्र. हिरो, बंदूक, मागे आग आणि मधे उधळलेला घोडा. सहाही कागद कोरे, न लावलेले. ते लेकीच्या खोलीतल्या रिकाम्या भिंतीवर चिमट्यांनी आणि पारदर्शक पट्ट्यांनी तासाभरापुरते टांगायचे आणि पाहुणे गेले की पुन्हा झोपवायचे, असा बेत होता.

सकाळपासून हे पांढरे मोजे घालून जमिनीवर रांगत होते. कागद जुळेनात. हिरोच्या मांडीखाली शेपूट यायचं, आणि शेपूट सरकवलं की घोड्याला पाच पाय व्हायचे. घोडं पेंड खातं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. दोन वाजले. अध्यक्षांना स्टेशनवरून आणून वाटेत बाकीच्यांना घ्यायचं होतं, निघायची वेळ झाली. ह्यांचा धीर सुटला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा हे बाबांच्या पलंगापाशी येऊन उभे राहिले.

"बाबा, तुम्हाला जमेल का हो? सहा तुकडी आहे. आतल्या भिंतीवर चढवायचीय, पाचच्या आत. सांधा दिसता कामा नये."

"माझा सांधा कधी कोणाला दिसलाय, जावईबापू?"

"हिला घ्या मदतीला," म्हणत हे मोजे काढून पळालेसुद्धा. चिमट्यांचा डबा कपाटावर होता. कसं चढवायचं ते सांगायचं ह्यांना सुचलंच नाही. ह्यांच्या जगात पोस्टर भिंतीला चिकटवणारा माणूस नव्हताच. बाबांच्या जगात दुसरा कोणी नव्हता.

काठी टेकत बाबा आत आले, खुर्चीवर बसले, पाय स्टुलावर लांब केला. डब्यातला एक चिमटा उचलून बघितला. "हे काय, कपडे वाळत घालायचेत?" डबा बाजूला सारला आणि मला विचारलं, "मैदा आहे का गं घरात?"

मला सगळं कळत होतं. मी तोंड उघडून एक वाक्य बोलले असते तर काम तिथेच थांबलं असतं. मी स्वयंपाकघरात गेले. फ्रिजवर फॉर्म होता. ह्या वेळी मी तो नीट वाचला. 'रुग्णास घरी ठेवण्यात येणारी अडचण' असा रकाना होता, आणि त्यात ह्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'जागेचा अभाव'.

"आहे बाबा," मी ओरडून सांगितलं. "किती घेऊ?"

कढई काढली. मैदा पाण्यात कालवला, गुठळ्या मोडल्या आणि मंद आचेवर ढवळत बसले. खळीत घालायला मोरचूद नाही म्हटल्यावर बाबा म्हणाले, "चालेल. ते बाहेरच्या भिंतीला, कीड लागू नये म्हणून." खळ काचेसारखी चमकायला लागली तशी उतरवली. कुंचा नव्हता, पण फ्रेमवरची धूळ झटकायला ह्यांनी परदेशाहून मागवलेला मऊ केसांचा रुंद ब्रश होता. बाबांनी तो बोटांनी चाचपला आणि प्रथमच ह्यांच्या खरेदीचं कौतुक केलं.

मी पदर खोचून तिवईवर चढले.

"आधी भिंतीला लाव. मग कागदाच्या पाठीला. थांब, घाई नको, कागदाला खळ पिऊ दे. आधी खालची रांग. वरचा कागद खालच्यावर आला पाहिजे, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरत नाही."

"इथे कसला पाऊस, बाबा?"

"नसू दे. रीत ती रीत. कड दोन बोटं एकमेकीवर घे. जावईबापू कडेला कड लावत बसले होते, म्हणून घोडा जुळेना. हं, आता मधून बाहेर हात फिरव. हवा काढ. अगं, कुरवाळतेस काय, दाब!"

लहानपणी सुट्टीत मी त्यांची बादली धरायची, तेव्हा ते असेच ओरडायचे. दोन महिने हा माणूस आमच्या घरात 'पाणी मिळेल का' असं विचारत होता, आणि आज मला फटकारत होता. मला इतका आनंद झाला की नवऱ्याच्या लाडक्या धनाची वाट लावतोय ह्याची लाज वाटायची राहूनच गेली. शेवटचा कागद चढला तेव्हा घोड्याला बरोबर चार पाय होते. "पंखा नको, कोपरे उचलतात," बाबा म्हणाले. "खिडकी उघड." मी पडदे सारले आणि दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. कोपऱ्यातलं यंत्र पिसाळल्यासारखं घरघरायला लागलं, तेव्हा त्याची पिन काढून टाकली.

पाचला मंडळ आलं. प्रत्येकाच्या खिशात स्वतःचे पांढरे मोजे. हे मोठ्या दिमाखात पुढे झाले, खोलीचं दार उघडलं आणि तिथेच थिजले. ह्यांचा चेहरा खळीच्या रंगाचा झाला. ओरडावं तर आठ माणसांदेखत, गप्प बसावं तर काळीज फाटतंय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

अध्यक्ष मात्र सरळ भिंतीपाशी गेले. चष्मा काढला, पुन्हा लावला. नखभर अंतरावर बोट फिरवत सांधा शोधू लागले. सापडला नाही. मग मागे मागे जात समोरच्या भिंतीला टेकले.

"वीस वर्षं गोळा करतोय," ते म्हणाले. "माझ्याकडे चार सहा-तुकड्या आहेत. उभी आज पाहिली." बाकीच्यांनीही माना हलवल्या. कोणीच पाहिली नव्हती. माणसं कसली, आठ बंद कपाटं होती ती.

"कोणी केलं हे?" अध्यक्षांनी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. "एक जुना कारागीर आहे," हे म्हणाले. "मुद्दाम बोलावून घेतला."

बाबा दोन हातांच्या अंतरावर खुर्चीत बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि बोटांवरची वाळलेली खळ खरवडायला लागले. लग्नातलं 'प्रसिद्धी खातं' त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. आज ते हसले नाहीत. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"कारागीर नव्हे," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला. "हे माझे वडील. ह्यांचे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी भिंतींना पोस्टरं लावली. आणि बोलावून कशाला घ्यायचं? ते इथेच राहतात. ह्याच खोलीत."

मग अध्यक्षांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "काय माणूस आहात हो! घरात एवढा खजिना आणि आम्हाला पत्ता नाही? पुढच्या महिन्यात मी वही घेऊन येतो. ह्यांच्याशी सविस्तर बोलायचंय. इथेच असतात ना?"

"हो, हो," हे म्हणाले. "इथेच. कायमचे."

पुढचा तासभर बाबांभोवती आठ माणसं जमिनीवर बसली होती. न लावलेलं पोस्टर म्हणजे कामचुकाराचं, हे बाबांनी त्यांनाही तोंडावर सांगितलं. सगळ्यांनी भक्तिभावाने ऐकलं, एकाने लिहूनही घेतलं. कोणाला लागलं म्हणून नाही.

पाहुणे गेल्यावर हे भिंतीपाशी गेले. घोड्याच्या खुराजवळची कड नखाने हळूच उचलून पाहिली. ती उचलेना.

"बाबा," हे अगदी बारीक आवाजात म्हणाले, "निघेल ना हे? वाफ वगैरे देऊन?"

"मी लावलेलं?" बाबांना ते खरोखर लागलं. "भिंत पाडलीत तर निघेल."

मी स्वयंपाकघरातून फॉर्म आणून ह्यांच्या हातात दिला. सहीची जागा कोरीच होती. ह्यांनी तो पाहिला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. मग मी हॉलमधून पलंग ओढायला लागले.

"पलंग पोस्टराच्या भिंतीला नको," बाबा आतून म्हणाले. "ओली आहे अजून, दोन दिवस लागतील. खिडकीखाली घ्या."

एक टोक माझ्या हातात होतं. दुसरं टोक धरायला हे आले. सासऱ्यांची दया आली, असं कोणी समजू नये. अध्यक्ष पुढच्या महिन्यात पुन्हा येणार होते.