टेबलाची दक्षिणमुखी बाजू

"अगो राही, सत्यनारायण घातलायस काय?" शेजारची साळूबाई पडवीच्या पायरीवरच थबकली.

राहीबाईने टेबलाच्या चारी पायांना केळीचे खांब बांधले होते. खांबांना आंब्याचे डहाळे खोचले होते आणि टेबलाखाली जमिनीवर ऐसपैस रांगोळी काढली होती. तिने मागे सरून पाहिले. खरेच की! आता फक्त भटजी यायचे राहिले होते.

"मग टेबल सजवायचा तरी कसा?" ती रडकुंडीला आली. "तू बघितलायस कुठं?"

"शाळेत बघितलाय. त्यावर मास्तराची छडी असते."

टेबल मास्तरांचेच होते. शाईचे डाग लपवायला राहीबाईने त्यावर नवऱ्याचे, कुशाबाचे, धुवट धोतर अंथरले होते.

आंबेनळीच्या रस्त्यावरच्या या वाडीत पंगत कुणाचीही असो, पाने मांडायला राहीबाईच लागायची. मीठ कुठे, भात कुठे, कुणाशेजारी कुणाला बसवायचे नाही, सगळे तिला तोंडपाठ. आणि सगळ्यांत आधी दिशा. जिवंत माणूस दक्षिणेला तोंड करून जेवत नाही, ते पान पितरांचे. आईबाप हयात असलेल्याने तर तिकडे तोंड करून घासही उचलू नये. तीस वर्षांत तिचे एक पान चुकले नव्हते. आज मात्र एका टेबलाने तिची पार भंबेरी उडवली होती.

आणि आजच चुकून चालणार नव्हते. आज मुरारी येणार होता.

सहा वर्षांपूर्वी त्याने मुंबईत परस्पर लग्न केले, तेव्हा कुशाबा म्हणाला, "माझा मुलगा मेला." नुसते म्हणून थांबला असता तर तो कुशाबा कसला! त्या वर्षी पितृपक्षात त्याने बायकोला आपल्या वडिलांच्या पानाशेजारी, दक्षिणेकडे तोंड करून, आणखी एक पान मांडायला लावले. हातीपायी धडधाकट असलेल्या पोराचे पान! राहीबाईने ते मांडले. पुढे दर वर्षी मांडले. त्या पानाला कावळा शिवला, की मुंबईहून काय कळतेय या भीतीने ती चार-चार दिवस जेवत नसे.

मग या शिमग्याआधी कार्ड आले. मास्तरांनी वाचून दाखवले. पायाला मशीन लागले, गुडघा वाकत नाही, खाली बसून जेवता येत नाही, तरी एकदा घरी यावेसे वाटते. कुशाबाने ऐकून घेतले आणि उत्तरात दोनच शब्द लिहायला लावले, "ये म्हणावं." मायेने म्हणाला, की पंगू झालेल्या पोराला चार शब्द सुनवायला म्हणाला, राहीबाईला कळेना. विचारायची छाती नव्हती.

"पडवी ही अशी चिंचोळी," ती साळूबाईला दाखवू लागली. "टेबल फिरवता येत नाय. पलीकडं बाकावर मुरारी नि सून, तोंड उत्तरेला. टोकाला खुर्चीवर हे, तोंड पूर्वेला."

"आणि ह्या स्टुलावर?"

"तिथं कोन नाय बसायचं. तिथं बसनाऱ्याचं तोंड दक्षिणेला." तिने स्टुलावर पाण्याची कळशी ठेवून दिली. जीव थोडा थाऱ्यावर आला.

दुपारच्या एस.टी.ने मुरारी आला. काठी टेकत, एक पाय ताठ. मागून सून तुळसा आणि तिच्या कडेवर चार वर्षांची पोर. तुळसा पाया पडली. राहीबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. मुरारीकडे बघावे, नातीला घ्यावे, की आधी चुलीवरच्या कोंबडीकडे धावावे, तिला काही सुचेना. कुशाबा खांबाला टेकून उभा होता.

राहीबाई केळीच्या पानांवर भाकऱ्या वाढू लागली. ती रश्श्याचे भांडे आणायला आत गेली आणि तेवढ्यात घात झाला. पलीकडच्या बाकावर जायला टेबल आणि भिंतीमधून जेमतेम वाट होती. ताठ पायाने मुरारीला जाता येईना. त्याने कळशी खाली ठेवली, बाकावरच्या जागेपुढचे पान आपल्यापुढे ओढले आणि स्टुलावर बसला.

राहीबाई भांडे घेऊन उंबऱ्यातच थिजली. तीच दिशा, तसेच पान, आणि त्यापुढे मान खाली घालून बसलेला तिचा मुरारी. ओरडावे, तर पोराला सांगायचे काय?

"ऊठ तिथनं," कुशाबा म्हणाला.

तुळसाने पोरीला छातीशी धरले. मुरारीचा चेहरा उतरला. त्याने काठी चाचपली, टेबलाला रेटा देऊन कसाबसा उभा राहिला. "बरं बाबा. संध्याकाळची गाडी हाय. निघतो आमी."

"निघतो काय? त्या खुर्चीवर बस. पाय बाहेर सोड लांब." कुशाबा पुढे आला आणि स्वतः स्टुलावर बसला. "हितं मी बसतो. माजे आईबाप गेले." त्याने हाताने खुर्ची दाखवली. "तुजे हायत अजून."

मुरारी बापाकडे बघत राहिला. त्याला त्या पानाची गोष्ट कुणी कधी सांगितली नव्हती. पण बापाचा आवाज असा त्याने जन्मात ऐकला नव्हता. तो मुकाट्याने खुर्चीवर बसला. राहीबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिने ती लपवलीही नाही.

"वाड गो," कुशाबा म्हणाला. "पोर उपाशी हाय."

ती वाढत सुटली. रस्सा, भात, पुन्हा रस्सा. नात टेबलाखाली रांगोळीत बोटे घालून बसली होती, तिलाही तिथेच घास भरवले. तुळसा सासूला "आत्याबाई, तुमी पन बसा" म्हणत राहिली, ते तिच्या कानात शिरत नव्हते.

जेवणे झाल्यावर पाने उचलताना तिच्या ध्यानात आले, की कुशाबाच्या पानावर ती मीठ वाढायलाच विसरली होती. भाताच्या डाव्या अंगाची ती जागा कोरडीच होती. एरवी चिमूटभर कमी पडले तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. आज त्याने पान चाटूनपुसून साफ केले होते आणि मीठ मागितले नव्हते.