राखीव लेखनिक

"तुम्ही फक्त बसायचं, मावशी," केंद्रप्रमुख म्हणाले. "पेनाचं टोपण काढायचं नाही. यंत्र बंद पडलं तरच तुमचं काम."

"आणि नाहीच पडलं तर?"

"तर हाताची घडी, तोंडावर बोट. इतकी वर्षं पोरांचे पेपर लिहिलेत, एक दिवस आराम करा."

मावशींनी मान हलवली आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसल्या. टेबल ओळखीचं होतं. त्याचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली कुणीतरी पुठ्ठ्याची घडी सरकवली होती. नवीन होतं ते टेबलावरचं यंत्र. काळा पडदा, त्याच्यापुढे कळफलक, आणि कानाला लावायची दोन गुबगुबीत झाकणं. यंत्र प्रश्न कानात वाचून दाखवणार, परीक्षार्थीनं उत्तर टाइप करायचं, तेही यंत्र वाचून दाखवणार. मध्ये तिसरं माणूस नको.

मावशींचं आजवरचं आयुष्य म्हणजे हे मधलं तिसरं माणूस होतं. ज्यांना दिसत नाही अशा मुलांच्या शेजारी बसायचं, ती सांगतील ते त्यांच्या उत्तरपत्रिकेत उतरवायचं. कामाला एकच पात्रता लागे. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी हवं, म्हणजे पदरचं काही घुसडायला नको. मावशींची शाळा नववीतच सुटली होती, त्यामुळे कुठल्याही परीक्षेला त्यांना ना नव्हती. कमी शिकल्याचा एवढा मान दुसरीकडे कुठे मिळणार? त्यांचे यजमान शिंपी. पेपर असला की सकाळी मशीनवरून मान वर करून विचारायचे, "आज कशात पास होणार?" आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमची ही सगळ्या विषयांत पदवीधर आहे. फक्त प्रमाणपत्रं लोकांच्या घरी आहेत."

मावशींना ते काम आवडायचं, त्याचं खरं कारण मात्र त्यांनी यजमानांनासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच. दुपारची वेळ, खिडकीतून आलेला तिरपा उजेड, शेजारून हळू आवाजात येणारी वाक्यं, आणि हात आपला आपण चाललेला. अशा वेळी मावशी त्या खोलीत नसायच्याच. पेपर इतिहासाचा असला तर कुठल्याशा किल्ल्याच्या तटावरून चालत असायच्या, जीवशास्त्राचा असला तर एखाद्या पानाच्या शिरेतून पाण्याबरोबर वर चढत असायच्या. घंटा झाली की पायऱ्या उतरून परत यायच्या. हात चुकायचा नाही, आणि मन कुठे होतं हे कुणी विचारायचं नाही.

दुसरा नियम बोलण्याचा होता. परीक्षार्थीनं उत्तर सांगायचं, लेखनिकानं लिहायचं. त्यापलीकडे दोघांत अवाक्षर नाही. खोलीत पर्यवेक्षक कान टवकारून उभे. पेपर संपल्यावरही बाहेर गप्पा मारायच्या नाहीत, नाहीतर लोक म्हणणार, यांचं आधीच ठरलं होतं. त्यामुळे मावशी कित्येक मुलांच्या डोक्यात शिरून आल्या होत्या, पण घरी किती भावंडं हे एकाचंही त्यांना ठाऊक नव्हतं.

आजच्या मुलीचंही नव्हतं. तिचे मात्र जवळपास सगळे पेपर मावशींनी लिहिले होते. दहावीपासून ती या केंद्रावर येत होती. दरवेळी अर्जात लिहायची, लेखनिक त्याच हव्यात. आज तिचा पदवीचा शेवटचा पेपर होता, भूगोलाचा, आणि यंत्राची चाचणीही तिच्यावरच होती. आज सगळं सुरळीत पार पडलं तर पुढच्या सत्रापासून सगळीकडे यंत्रंच येणार, लेखनिकांना बोलावणं नाही. हे केंद्रप्रमुखांनी मागच्याच आठवड्यात चहा पाजून सांगितलं होतं. वाईट बातमी सांगायची म्हणून चहा साखर घालून, चांगला गोड होता.

तेव्हापासून मावशींच्या मनात एक ओंगळ इच्छा घर करून बसली होती. यंत्र बंद पडावं. पेपरच्या ऐन मध्यावर बंद पडावं आणि मुलीनं चाचपडत हात पुढे करून म्हणावं, "मावशी, घ्या लिहायला." स्वतःच्या या इच्छेची त्यांना लाज वाटत होती, पण ती काही केल्या जात नव्हती.

मुलगी काठी टेकत आली. वडिलांनी तिला दारापर्यंत सोडलं. ती बसली, झाकणं कानाला लावली आणि शेजारी मान वळवून जरा हसली. मावशी तिथे आहेत हे तिला साडीच्या सळसळीवरून कळत असावं.

घंटा झाली.

मावशी पडद्याकडे बघत राहिल्या. राखीव लेखनिकाला ते बघावंच लागणार होतं, नाहीतर यंत्र बंद पडल्यावर सुरुवात कुठून करणार? पहिला प्रश्न होता नदीच्या वृद्धावस्थेतील भूरूपांचा. मावशींना मनातल्या मनात हसू आलं. हा प्रश्न बारावीलाही आला होता आणि मुलीनं तेव्हा काय सांगितलं ते त्यांना लख्ख आठवत होतं. उतार कमी होतो, वेग मंदावतो, नदी वळणं घेते, गाळ साचतो. चार वाक्यं. ही मुलगी नेहमी अशीच, मोजकं बोलणारी. पाल्हाळ नाही, खाडाखोड नाही, पेपर वेळेच्या कितीतरी आधी संपलेला. मावशींना त्या सुबकपणाचा अभिमान होता. मार्क मात्र बेताचेच पडायचे. बारावीनंतर मोठ्या कॉलेजातली जागा मुलीच्या हातून अगदी थोडक्यात हुकली, तेव्हा त्या अनोळखी परीक्षकाला मावशींनी घरी बसून मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. यजमान म्हणाले होते, "एवढा राग तर तू स्वतः नापास झालीस तेव्हाही आला नसेल."

पडद्यावर अक्षरं उमटू लागली. उतार कमी होतो. वेग मंदावतो. मावशींनी मान डोलावली. आता वळणं, मग गाळ, की झालं.

पण अक्षरं थांबेनात.

'डोंगरात नदीचा आवाज मोठा असतो, कारण तिथे ती दगडांना अडखळते,' मुलगी लिहीत होती. 'मैदानात अडखळायला काही उरत नाही, म्हणून आवाज जवळजवळ नाहीसा होतो. काठावर उभं राहिलं तर पाणी वाहतं आहे की थांबलं आहे, हे कानांना सांगता येत नाही. वाहून आणलेलं ओझं आता तिला पेलत नाही. जड गाळ ती आधी टाकते, हलका नंतर. मुखाशी पोहोचेपर्यंत फक्त सगळ्यात बारीक माती तिच्याजवळ उरते. त्या मातीवर अनवाणी उभं राहिलं की पाय हळूहळू आत जातात, आणि जमीन अजून तयार होते आहे हे तळव्यांना कळतं.'

मावशी निघाल्या. हात मांडीवर तसेच होते, पण त्या त्या मातीवर उभ्या होत्या आणि पाय खरोखरच आत चालले होते. चहूकडे पाणी, पण आवाज नाही. नदीचे फाटे इकडे तिकडे पसरलेले, त्यातला कुठला खरा हे नदीलाही न ठाऊक. एका जुन्या वळणाशी पाणी मागे राहून गेलं होतं. नदीनं सरळ वाट धरली होती आणि ते वळण तसंच मागे पडलं होतं, एक लहानसं वाकडं तळं होऊन. त्या तळ्याच्या काठाशी मावशी बराच वेळ उभ्या राहिल्या. इतका सुंदर प्रदेश त्यांना आजवर कुठल्याच पेपरात दिसला नव्हता.

अचानक पडदा स्तब्ध झाला. अक्षरं थांबली, मुलीची बोटं हवेत राहिली. बंद पडलं. मावशींनी टोपण काढलंसुद्धा.

बंद पडलं नव्हतं, मुलगी विचार करत होती. तिनं मागचं अख्खं वाक्य पुसून टाकलं आणि नव्यानं लिहिलं. मग तेही पुसलं आणि आणखी एक लिहिलं, आधीच्या दोन्हींपेक्षा चांगलं.

मावशींनी टोपण परत लावलं. आता मात्र त्या कुठेच गेल्या नाहीत, खोलीतच बसून राहिल्या. या मुलीनं त्यांना आजवर एकही वाक्य खोडायला सांगितलं नव्हतं. एकही उत्तर असं पसरून सांगितलं नव्हतं. म्हणजे हे सगळं तिच्यात होतंच, आणि तिनं ते मावशींच्या हाती कधी दिलं नव्हतं. का? अक्षरावर भरवसा नव्हता? नववी शिकलेल्या बाईला हे झेपणार नाही असं वाटलं? अपमान झाल्यासारखं वाटत होतं, आणि त्याच वेळी पुढचं वाक्य वाचायची घाईही झाली होती.

शेवटची घंटा होईपर्यंत मुलगी लिहीत होती.

केंद्रप्रमुख लगबगीनं आले. मुलीला शाबासकी देऊन त्यांनी मावशींना बाजूला घेतलं. "राखीव लेखनिकाचं मतही वर कळवायचंय. काही अडचण? मोकळेपणानं सांगा. तुमचं काम लांबवायचं असेल तर तसंही सांगा, मी लिहीन. एखादं सत्र तरी निघेल."

माणूस वाईट नव्हता. मावशींनी यंत्राकडे पाहिलं. पडदा पुन्हा काळा झाला होता.

"काही अडचण नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्या पोरांना हेच द्या. उद्यापासून देता आलं तर उद्यापासून द्या."

"नक्की?"

"मी शेजारी बसून वाचलंय, साहेब. नक्की."

बाहेर व्हरांड्यात मुलगी बाकावर वडिलांची वाट बघत होती. मावशी नेहमीसारख्या मान खाली घालून पुढे निघाल्या, तर तिनंच हाक मारली.

"मावशी, बसा ना. आज तुम्ही एक अक्षरही लिहिलं नाहीत. आज बोललं तर चालेल."

हे मावशींच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या एकमेकींशी बोलणार होत्या.

"छान लिहिलंस," मावशी म्हणाल्या. मग त्यांना राहवलं नाही. "इतकं सगळं येत होतं तुला. मला का नाही गं सांगितलंस कधी? मी उतरवलं असतं की."

"रागावलात?"

"रागावू कशाला. आपलं विचारलं."

मुलगी काठीची मूठ चोळत राहिली. "तुमचा हात दुखायचा ना."

"माझा?"

"दहावीच्या पहिल्या पेपरला मी तुम्हाला एक भलं मोठं उत्तर सांगितलं होतं. ते संपलं आणि तुमची बोटं वाजली. कट, कट, कट, सगळीच्या सगळी. माझ्या आजीची बोटं तशी वाजायची. संधिवात होता तिला. ती निदान कण्हायची, तुम्ही तर हूं की चूं केलं नाहीत. विचारावं तर तिथे पर्यवेक्षक. मग पुढचं उत्तर मी लहान सांगितलं, तर बोटं वाजली नाहीत. तेव्हाच ठरवून टाकलं, की यांना जास्त लिहायला लावायचं नाही. खोडायला तर नाहीच."

"आणि मार्क?"

"जायचे थोडे. जाऊ देत." ती हसली. "कॉलेजची जागा गेली तेव्हा घरचे म्हणाले, दुसरा लेखनिक माग. मी नाही म्हटलं. दुसरा कुणी इतकं सोसून लिहिणार होता का?"

मावशींचा हात आयुष्यात कधी दुखला नव्हता. बोटं मोडायची त्यांना लहानपणापासूनची खोड. यजमान त्यावरून कावायचे, पण ती सुटली नाही. एखादी गोष्ट फार आवडली की बोटं आपोआप मोडली जायची, एकामागून एक, अगदी अंगठ्यापर्यंत. दहावीचं ते उत्तर त्यांना आठवलं. ते वाऱ्यांवर होतं. ते लिहून होताच मावशी इतक्या खूश झाल्या होत्या, की दोन्ही हातांची बोटं मोडून पुढच्या उत्तरासाठी सरसावून बसल्या होत्या. आणि पुढचं उत्तर तीन ओळींत संपलं होतं.

जिभेवर सगळं आलं. अगं वेडे, मला आवडलं होतं. मला हवं होतं आणखी. त्यांनी तोंड उघडलं आणि मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा निवांत होता. आपण कुणासाठी तरी काही सोसलं, आणि आज ते सांगूनही झालं, असं समाधान त्यावर होतं. खरं सांगितलं तर त्या हुकलेल्या जागेचं काय? इतक्या वर्षांच्या आखडत्या उत्तरांचं काय?

"दुखायचा गं," मावशी म्हणाल्या. "फार दुखायचा."

"मला माहीत होतं."

"तुझ्यामुळे निभावलं."

मुलीनं काठी बाजूला ठेवली आणि हात पुढे केला. मावशींनी आपला उजवा हात तिच्या हातात दिला. ती मनगटापासून हलके हलके चेपू लागली, आजीचा हात चेपून सराव झालेला असावा. व्हरांड्यात ऊन उतरत होतं. खोलीतून यंत्र आवरल्याचे आवाज येत होते.

"इथे दुखतं?" तिनं विचारलं.

"हो, तिथेच," मावशी म्हणाल्या, आणि एकही बोट वाजू नये म्हणून त्यांनी हात अगदी सैल सोडला.