कोळशाच्या काट्यावर

वर्षाच्या आतलं बाळ तोललं की ते जगत नाही, असं यॉर्कशायरच्या त्या गिरणीगावात सगळेच मानत, आणि हॅना सगडन सगळ्यांत जास्त. त्यामुळे नगरपालिकेच्या आरोग्यसेविका मिस थॅकरेंनी बाळांसाठी नवाकोरा काटा मांडला, तरी तिकडे चिटपाखरू फिरकेना.

शेवटी मिसच घरोघर निघाल्या. हॅनाची मुलगी गिरणीत गेली होती आणि चार महिन्यांचा नातू विल्फ्रेड रबरी नळीची बाटली चोखत पडला होता.

"आजी, ही नळी आतून धुताच येत नाही. पोर खंगतंय."

"खंगतंय? बाईसाहेब, मी अकरा वाढवलीत. तुम्ही किती?"

"एकही नाही. म्हणून तर म्हणते, तोलून बघू."

"मेले तरी नाही!"

मिस पुढच्या घरी गेल्या. पण आंघोळीला फ्लॅनेलचे चार थर उतरवले, तेव्हा विल्फ्रेडच्या मांडीची कातडी हॅनाच्या बोटांत सैल आली. आपलंच चुकत असलं तर? आणि तोलल्यानं काही बरंवाईट झालं तर?

मग एकदम सुचलं. बाळाला तोलायचंच नाही, आजीला तोलायचं!

मिसना गाठून ती तडक कोळसेवाल्या जोबच्या वखारीत गेली.

"जोब, मला तोल. एकदा पोराला घेऊन, एकदा नुसती. आणि आकडा कानात सांग, नाहीतर याद राख!"

पण जोबला तीस वर्षं वजन ओरडायची सवय.

"दोनशे चार पौंड!"

नुकतीच गिरणी सुटली होती. सगळा रस्ता खो खो हसला. लालबुंद हॅनानं विल्फ्रेडला मिसकडे दिलं आणि ती पुन्हा काट्यावर चढली.

"एकशे पंच्याण्णव!"

"म्हणजे पोर नऊ पौंड," मिस हळूच म्हणाल्या. "तेरा तरी हवं होतं."

हसणं थांबलं. हॅनानं घरी जाऊन ती बाटली बुटाखाली चिरडली. मग जन्मात पहिल्यांदाच तिनं दुसऱ्या बाईला विचारलं, "आता काय करू, सांगा."

नळीशिवायची बाटली आली, दूध उकळून मिळू लागलं. सहाव्या शनिवारी वखारीत हॅनामागे सात आया रांगेत उभ्या होत्या. बाळाला कुणीच तोलणार नव्हतं, अर्थात.

शहाणा झालेला जोब दोन्ही वजनं घेऊन हॅनाच्या कानाशी लागला. "पोर बारा पौंड."

"तोंडात बोळा कोंबलाय का रे?" हॅनाचे डोळे भरून आले होते. "ओरड की! माझंसुद्धा सांग हवं तर, पण ओरड!"